एकास त्रेचाळीस मापाची थोरली

४ जानेवारी, रविवार

सासऱ्यांनी आज जेवणानंतर जाहीर केलं की त्यांच्या गुडघ्यांना आता क्लच झेपत नाही, तेव्हा थोरली दोघा जावयांपैकी एकाला द्यायची. थोरली म्हणजे त्यांची जुनी मोटार. दोन्ही मुलींच्या आधी घरात आली म्हणून थोरली. यंत्राला लेक मानणारी माणसं! असो. मार्चच्या पहिल्या रविवारी जुन्या गाड्यांची रॅली आहे. तोवर दोघांनी तिची देखभाल करायची. रॅलीनंतर निकाल.

दोघे म्हणजे मी आणि साडू. साडू लिफ्टच्या कंपनीत आहे. सगळी हयात वर-खाली करण्यात गेली, पुढे म्हणून सरकला नाही. थोरलीला तो ‘अँटिक पीस’ म्हणतो. मी शांतपणे सांगितलं की ती अँटिक नाही, व्हिंटेजही नाही, क्लासिक आहे. तो म्हणाला की चालते ना, मग झालं. गाढवाला गुळाची चव काय!

स्पर्धा म्हणावी असं यात काही नाही. गाडी कुठे लावायची ते ठरवायला घेतो.

८ जानेवारी

संकल्प : रोज एक तास थोरलीचा अभ्यास.

तिचं एकास त्रेचाळीस मापाचं मॉडेल माझ्याकडे आहे. परदेशी. प्रत्येक रेष मूळ गाडीवरून. डायनिंग टेबलावर भिंग, चिमटा, एका केसाचा ब्रश आणि पुट्टीची ट्यूब मांडली. घरचे ताटं मांडीवर घेऊन जेवतात. बायकोने विचारलं की टेबल कधी मोकळं होणार. कला आणि ही, छत्तीसचा आकडा. गेल्या वर्षी फडकं मारताना हिने एका मॉडेलचा आरसा उडवला. तांदळाच्या कणीएवढा आरसा! मी आठवडाभर अबोला धरला. शेवटच्या दिवशी तिच्या ते लक्षात आलं.

अभ्यास उद्यापासून.

१८ जानेवारी

मॉडेल खिशात घालून सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये. साडू आधीच हजर. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बादलीने गाडी धूत होता. शोभत होतं त्याला.

मी मॉडेल बॉनेटवर ठेवून दोन्ही ताडून पाहिली. हादरलो. खरी गाडी कितीतरी ठिकाणी चुकलेली आहे. मागच्या दिव्यांचा लाल रंग फिका. वायपर भलतेच. सासऱ्यांना दाखवलं तर म्हणाले की शोरूममधून अशीच आणली होती. वय झालं की आठवण दगा देते. मॉडेल देत नाही.

मग चावी पुढे करून म्हणाले, एक चक्कर मारून या. मी विनयाने नकार दिला. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहेत. त्याची थिअरी मला तोंडपाठ आहे, पण आज बूट योग्य नव्हते. साडू चपला घालूनच फिरवून आला. हाताखाली काय आहे याची जाणीव नसली की माणूस बिनधास्त चालवतो.

२५ जानेवारी, सकाळी ११

शोध लागला! पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक आहे. मॉडेलच्या झाकणाला नाही. भिंगातून तीनतीनदा पाहिलं. म्हणजे कुण्या अडाण्याने मध्ये कधीतरी पाडलं. एवढ्या वर्षांत कुणाच्या लक्षात नाही! डोळे सगळ्यांनाच असतात, दृष्टी एखाद्यालाच.

सासरे आत चहा घेत होते. मी भोकात पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, चंदेरी रंगाचा एक थेंब. झाकण आता मॉडेलबरहुकूम. कुणाला सांगितलं नाही. रॅलीच्या दिवशी परीक्षकांनी स्वतःहून विचारावं, तेव्हाच बोलण्यात मजा.

८ फेब्रुवारी

सासरे थोरली घेऊन औषधं आणायला गेले आणि रस्त्यातच ती बंद पडली. बऱ्याच वेळाने आपोआप सुरू झाली, पुन्हा बंद पडली. मी तत्काळ निदान केलं : साडूचं बादलीस्नान. पाणी कार्बोरेटरमध्ये गेलं. घरात सगळ्यांना सांगितलं. साडूला दोनदा.

१५ फेब्रुवारी

आजही बंद. साडूने मेकॅनिक आणून प्लग बदलले, पंप बदलला. उपयोग शून्य. गंमत म्हणजे पेट्रोल पंपावर जाऊन आली की थोडा वेळ शहाण्यासारखी चालते. साडू म्हणतो, तिला भूक लागत असेल. हसावं की रडावं! मी ‘जुन्या गाडीचा आत्मा’ या विषयावर सासऱ्यांशी दीड तास बोललो. ते डोळे मिटून ऐकत होते. पुढे घोरण्याचाही आवाज आला, पण मुद्दे पोचले असणार.

२२ फेब्रुवारी

सासरे गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसले होते. म्हणाले की थोरली थकली बहुतेक, आता कुणाच्या गळ्यात बांधायची? भंगारवाल्याला बोलवावं म्हणतात. बॉनेटवरून हात फिरवत होते आणि डोळे भरले होते. मी त्यांना समजावलं की संग्राहकाने भावनेत वाहून जायचं नसतं. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी लवकर निघालो.

खरं सांगायचं तर मलाही वाईट वाटलं. भंगारात गेली तर माझ्या मॉडेलला ताडून पाहायला काही उरणार नाही.

साडूने सासऱ्यांना गळ घातली की रॅलीला नेऊ, मग काय ते ठरवा. शेवटी साडूसुद्धा एखादं वाक्य बरं बोलतो.

१ मार्च, सकाळी ६

तयार. ट्वीडची टोपी, मफलर, चामड्याचे ग्लोव्हज. उकडतंय. बायको म्हणाली की घाम पुसायला नॅपकिन घ्या. सौंदर्यदृष्टी ही विकत मिळत नाही.

१ मार्च, संध्याकाळी

मोठ्या चौकात थोरली बंद पडली. साडू चालवत होता, अर्थातच. मागून येणाऱ्या सगळ्या गाड्या भोंगे वाजवत पुढे गेल्या. गर्दी जमली. मी उतरून लोकांना गाडीचा इतिहास सांगायला घेतला. सासरे पुढच्या सीटवर मान खाली घालून बसलेले.

मागे बसलेल्या बायकोने उतरून पेट्रोल आहे की नाही बघायला टाकीचं झाकण फिरवलं. ‘फुस्स’ असा लांबलचक आवाज आला. गाडी सुरू! हिने झाकण उलटसुलट करून पाहिलं, नखाने खरवडलं. चंदेरी पापुद्र्याखालून पांढरी पुट्टी निघाली. ती पुट्टी हिने आमच्या घरातल्या चमच्यांवरूनही खरवडलेली आहे, त्यामुळे नाकारायला जागा नव्हती. वडिलांना तिने एवढंच सांगितलं की टाकीत हवा जायचं भोक यांनी बुजवलंय, हवा आत जात नाही म्हणून पेट्रोल बाहेर येत नाही.

असली टेक्निकल माहिती हिला कुठून, असं मी विचारलं. तर म्हणे कॉलेजला ती थोरलीच चालवत न्यायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे कुणी सांगितलं नाही! मी कधी विचारलं नाही, असं तिचं म्हणणं.

केसातली पिन काढून तिने भोक मोकळं केलं, साडूला मागे बसवलं, दांड्यावरचा गिअर न बघता टाकला आणि गेली. मी गर्दीला ग्रिलबद्दल सांगत होतो. बसने मैदानावर पोचलो तेव्हा खुर्च्या उचलत होते.

२ मार्च

निकाल. थोरली बायकोच्या नावावर. साडूने टाळ्या वाजवल्या. हरल्याचं कळण्याइतकीही अक्कल नाही.

मी सासऱ्यांना म्हटलं की म्हणजे शेवटी आमच्याकडेच आली. ते म्हणाले की जावईबापू, तिच्याकडे आली. तुम्हाला एक मुलगी दिली, तेवढी पुरे.

विनोद असावा. मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही.

९ मार्च

बायको ऑफिसला थोरलीतून जाते. आज मला बसस्टॉपपर्यंत सोडते म्हणाली. पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसलो. बाहेर लोक थांबून बघतात. सिग्नलला एका म्हाताऱ्या सायकलवाल्याने गाडीबद्दल विचारलं. मी काच खाली करून मेकचं वर्ष सांगायला घेतलं. त्याला फक्त गाडी कुणाची एवढंच हवं होतं. बाबांची, असं ती म्हणाली, आणि तो खूश होऊन गेला.

स्टॉपवर उतरलो. दार अगदी अलगद लावलं. लागलं नाही. पुन्हा अलगद लावलं. मागच्या बसने हॉर्न दिला. बायको म्हणाली की थोरलीचं दार जोरात लावावं लागतं, घरात सगळ्यांना माहीत आहे. मग तिनेच आतून हात लांबवून ते धाडकन ओढलं आणि गेली.