एकशे पासष्ट हर्ट्झ आणि माझे डोळे

३ जून, सकाळ
मॉनिटर आला. सत्तावीस इंची, एकशे पासष्ट हर्ट्झ. म्हणजे चित्र सेकंदाला एकशे पासष्ट वेळा बदलतं. साध्या पडद्यावर साठच वेळा. इतके दिवस कसे काढले कोण जाणे. बायकोला सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरांनीच सुचवलाय. तसा मी त्यांच्याकडे गेलो नव्हतो. पण गेलो असतो तर म्हणालेच असते.

दुपार
लॅपटॉपला जोडला. लॅपटॉप स्वस्तातला आहे, पण गुणी आहे. स्क्रीनवरची विंडो इकडून तिकडे ओढून पाहिली. लोण्यासारखी सरकते. अर्धा तास तेवढंच केलं.

४ जून
सेटिंगमध्ये पाहिलं तर साठ. एकशे पासष्टचा पर्यायच नाही. म्हणजे कालचं लोणी साठचंच होतं. केबल खराब असणार. नवी मागवली. बायकोने विचारलं, आराम पडतोय का. म्हटलं, बराच.

५ जून
बायको शाळेत शिकवून दमून येते आणि पेपर हातभर लांब धरून मला वाचून दाखवते. माझ्या डोळ्यांना ताण नको म्हणून. तांदूळ निवडायचं कामही काढून घेतलंय. नको म्हणणार होतो, तोवर तिने ताट उचलून नेलंही. उद्या खरं सांगायचं. नक्की.

६ जून
नाही सांगितलं. सासूबाईंचा फोन होता. जावईबापूंचे डोळे कसे आहेत, विचारत होत्या. खरं कळलं तर या वयात धक्का बसेल. त्यांच्या तब्येतीसाठी गप्प बसलो.

७ जून
नवी केबल. साठच. ऑफिसातल्या आयटीवाल्याला विचारलं. म्हणाला, साहेब, केबल बिचारी काय करणार, तुमच्या लॅपटॉपच्या पोर्टची ताकदच तेवढी. रिझोल्यूशन, म्हणजे चित्राचा बारीकपणा, उतरवलं तर एकशे वीस मिळतील. उतरवलं. मिळाले. अक्षरं मात्र दुधात भिजलेल्या बिस्किटासारखी फुगली. लॅपटॉपचा पंखा असा घरघरला की बायकोने आतून विचारलं, मिक्सर कुणी लावला.

९ जून
दोन दिवस एकशे वीसवर. आता डोळे खरोखरच दुखतायत. म्हणजे तसं पाहिलं तर मी खोटं बोललेलोच नाही. जरा हलकं वाटलं. बायको दुकानातून आणलेले औषधाचे थेंब घालते तेव्हा मात्र तिच्याकडे बघवत नाही. ती म्हणते, डोळे उघड. मी मिटतो.

१० जून
तिने डॉक्टरांची वेळ घेतली. मॉनिटरने किती फरक पडला ते विचारू या, म्हणाली. जेवताना सांगणारच होतो. पण तिने अग्रलेख वाचायला घेतला होता. मध्येच तोडणं बरं दिसलं नसतं.

१२ जून, संध्याकाळ
डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही डोळे उत्तम. बायकोने मॉनिटरचं विचारलं. ते म्हणाले, कुठला मॉनिटर? हे याआधी माझ्याकडे कधी आले होते? बायको माझ्याकडे बघत राहिली. मी समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत बसलो. शेवटची ओळही स्वच्छ दिसत होती.

आलाच आहात तर तुमचेही बघतो, असं डॉक्टर तिला म्हणाले. वाचायला एक कार्ड दिलं. तिने ते लांब धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं. दुसऱ्या ओळीत अडकली. डॉक्टर म्हणाले, बाई, चांगला नंबर आहे, आधी का नाही आलात?

ती म्हणाली, मागच्या आठवड्यात येणारच होते. मग यांच्या डोळ्यांचं निघालं. म्हटलं, आधी यांचं होऊ दे.