सर्व्हरवरची जागा कुणी खाल्ली?

गुरुवार, १२ जून
लालबाग

दोन महिने या वहीला तोंड दाखवलं नाही, माफी. आज लिहिल्याशिवाय राग उतरायचा नाही.

दवाखान्याचं नोंदणीचं सुधारलेलं सॉफ्टवेअर क्लाउड सर्व्हरवर चढवत होते. चारदा प्रयत्न केला, चारदा अडकलं. दर वेळी शेवटी तीच ओळ: डिस्कवर जागा शिल्लक नाही. सर्व्हर सावंत सांभाळतात, म्हणून अख्ख्या ऑफिससमोर त्यांच्यावर ओरडले, "जागा गेली कुठे?"

"मी खाल्ली काय, मॅडम? मालवणी माणूस मासे खातो, डिस्क नाय. एकदा तुमचं फोल्डर बघा."

सगळे हसले. मी इरेला पेटले, फोल्डर बघितलंच नाही. साहेबांनी तिथल्या तिथे सांगितलं, सोमवारपासून सावंत या कामावर नकोत. मी त्यांना अडवलंही नाही.

घरी येऊन सर्व्हरवरचं माझं फोल्डर उघडलं. वर्षभर प्रत्येक बदलाआधी, काही बिघडू नये म्हणून, मी सगळ्या डेटाची प्रत काढून तिथेच ठेवत आले. एकोणीस प्रती. एकही पुसली नव्हती. जागा शिल्लक नाही म्हणे! राहील कशी?

जुन्या प्रती पुसल्या आणि आठ मिनिटांत सॉफ्टवेअर चढलं. आनंद कसला, संतापच आला. साहेब न तपासता माणसाला काढतात कसे? पण मी तरी कुठे तपासलं? आणि आता पुरावाही उरला नाही. बोलले नाही तर कुणाला कळणारच नाही, हे क्षणभर मनात आलं, त्याचा राग सगळ्यात जास्त.

उद्या: साहेब आल्या आल्या, सगळ्यांसमोर, सावंतांची माफी मागणे.