डाळीला चार सेंटिमीटर मोड

लष्कर, ग्वाल्हेर
१२ फेब्रुवारी

तीर्थरूप लक्ष्मीकांतकाकांना,

अपर्णाचा वाकून नमस्कार (पत्रात वाकायला कंबर आड येत नाही, म्हणून जरा जास्तच वाकले आहे). इंदूरची हवा गुडघ्यांना मानवली का? शरयूकाकू अजून तुम्हाला बिनसाखरेचाच चहा देत असतील, तर त्यांचंच बरोबर आहे. इकडे सगळे खुशाल. जानेवारीत अशी थंडी पडली की कलेक्टरसाहेबांनी चार दिवस शाळांना सुट्टी दिली, आणि या सुट्टीत मुलं काहीतरी शिकतील असा विचार माझ्या मनात आला. माझं हे असं नेहमीच होतं, तुम्हाला ठाऊक आहे.

विचार असा, की सातवीच्या बेचाळीस मुलांना एकेक कोरी वही द्यायची आणि त्यात डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायला सांगायचं. दहा मूग, ओला कापूस, रोज एक नोंद. खोडायचं नाही, चुकलं तरी राहू द्यायचं, शंका आली तर तीही लिहायची. सुट्टीच्या आदल्या दिवशी वर्गात हे सांगितलं. मग एकाने हात वर करून विचारलं, "वो तो ठीक है मॅडम, पर जवाब क्या लिखना है?" मी म्हटलं, जो दिखे. लगेच सगळ्या वर्गाने पहिल्या पानावर लिहून घेतलं: जवाब, जो दिखे.

दहा दिवसांनी वह्या आल्या. वह्या कसल्या, रुखवतच म्हणा ना. चमकीची किनार, सॅटिनची फीत, मुखपृष्ठावर आईच्या हातचं सूर्यफूल. आत मात्र एकवाक्यता: चाळीस वह्यांत मुगाला तिसऱ्या दिवशी मोड, लांबी दोन सेंटिमीटर. बाहेर पारा चार अंशांवर, धुक्यात समोरचा टेम्पो दिसत नव्हता, पण मूग पुस्तकात लिहिलेल्या दिवशी हजर! (पुस्तक छापणाऱ्यांनी ग्वाल्हेरची थंडी धरली नव्हती, मग मुगांनी तरी का धरावी?) आणि या सगळ्यांवर कडी ध्रुवच्या वहीची. त्याच्या आई सीमंतिनीताई भारी हौशी. त्यांनी दाल बाजारातून उत्तम प्रतीचा माल आणून पहिल्या पानावर नमुना म्हणून चिकटवला होता. पाहते तर पिवळीधमक, सोललेली मूगडाळ. हिची खिचडी होते, काका, हिला मोड येत नाहीत. पण ध्रुवच्या वहीत ते आले होते, चांगले चार सेंटिमीटर, रंगीत आकृतीसकट. आमचे प्राचार्य जगदेवराव यांनी ती वही प्रदर्शनासाठी सर्वांत आधी काढून ठेवली. मी डाळीचं सांगायला गेले, तर म्हणाले, अक्षर बघा.

बेचाळिसावी वही उन्नतीची. तिचे वडील फूलबागेजवळ स्कूटर दुरुस्त करतात. वहीला कव्हर नाही आणि दोन पानांवर तेलाचे डाग. पाच दिवस गच्चीवर मूग ठेवून पाच वेळा एकच नोंद: "कुछ नहीं।" सहाव्या दिवशी कोणी न सांगता तिने पाच मूग गच्चीवरच ठेवले आणि पाच घरात गॅसच्या शेगडीजवळ आणले. दोन दिवसांनी शेगडीजवळच्या चारांना मोड आले, गच्चीवरचे ढिम्म. खाली लिहिलंय, "शायद मूँग को भी ठंड लगती है। पक्का नहीं। एक बार और करके देखूँगी।" हे वाचून मला स्टाफरूममध्ये चक्क रडू आलं. बारा वर्षं मी विज्ञान शिकवते आहे (निदान पगारपत्रकात तसं लिहितात), आणि हे पहिल्यांदाच घडलं.

जगदेवरावांना रडू आलं नाही. विज्ञानाच्या वहीत "पक्का नहीं" कसं चालेल? पालक काय म्हणतील? आणि पाच दिवस "कुछ नहीं" याचा अर्थ मुलीने पाच दिवस काही केलंच नाही, असा त्यांनी निष्कर्ष काढला (आमच्या शाळेत निष्कर्ष काढण्याचा अधिकार फक्त त्यांना आहे). शेवटी मोठ्या मनाने तोडगा निघाला: उन्नतीने ध्रुवच्या वहीवरून स्वच्छ नवी वही लिहावी, नाहीतर तिची वही कपाटात राहील आणि प्रकल्पाचे गुण शून्य. हे तिला सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. ती म्हणाली, "मॅडम, पण जे झालंच नाही, वो कौन-सी तारीख में लिखूँ?" मी म्हटलं, बघू. गेले आठ दिवस मी तिची नजर चुकवते आहे. तिने नवी वही लिहिलेली नाही, पण वर्गात हात वर करणंही सोडलं आहे, आणि मला त्याची फार लाज वाटते.

असो. बाकी शाळेची प्रगती जोरात आहे. काकूंना नमस्कार, घरातल्या लहानांना कोऱ्या वह्या.

तुमची,
अपर्णा

ता. क. अठ्ठावीस तारखेच्या विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला परीक्षक म्हणून तुम्ही येणार, हे मला निमंत्रणपत्रिकेवरून कळलं. टेबलावर एकेचाळीस वह्या असतील. तुम्ही आधी वर्गाचा पट मागा, नावं मोजा, आणि बेचाळिसावी वही कुठे आहे असं सगळ्यांदेखत विचारा. माझा करार मार्चपर्यंतचा आहे, मला विचारता येत नाही. तुम्ही निवृत्त आहात, तुम्हाला कोण काढणार?

आणखी एक ता. क. तुमच्या नियमात बसत नसेल, तर नकार कळवण्याआधी एक आठवा. मी सातवीत असताना माझ्या चंद्रनिरीक्षणाच्या वहीला तुम्हीच पहिलं बक्षीस दिलं होतं. तीस रात्री, तीस चंद्र, खाली तुमचा शेरा: "निरीक्षणात सातत्य." तो महिना श्रावणाचा होता, काका. एक रात्रही आभाळ उघडलं नाही. सगळे चंद्र मी एका रविवारी दुपारी वाटीभोवती पेन्सिल फिरवून काढले, आणि पान रिकामं वाईट दिसतं म्हणून अमावास्येलाही एक बारीक कोर घातली. ते पदक अजून माझ्याकडे आहे. उन्नतीला देऊन टाकावं असं रोज मनात येतं, पण ती विचारेल, "मॅडम, ये आपको किस बात का मिला था?"