तव्याचा चटका

कोल्हापूर,
१८ नोव्हेंबर १९८६

प्रिय कुलसुम,

नजीराला आलेलं तुझं पत्र काल मी वाचलं. तिनंच ते माझ्यापुढं टाकलं आणि न जेवता माडीवर निघून गेली. गिर्यारोहणाच्या महिनाभराच्या शिक्षणासाठी उत्तरेत जायला सगळ्या कॉलेजातून तुझी एकटी लेक निवडली गेली, आणि तू कुरुंदवाडहून चार ओळींत नकार कळवलास. वर लिहिलंस, ‘दोराचा काय भरवसा?’ कुलसुम, हे तू लिहावंस? पोरीसमोर मी चेहरा गंभीर ठेवला, पण स्वयंपाकघरात जाऊन पोट धरून हसले.

तुम्हा मायलेकींच्या मध्ये मी पडणार नाही. ती माझ्याकडे राहते, जेवते, माझ्या चष्म्याची चेष्टा करते, तेवढंच माझं नातं. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर सांगायच्या की पत्रात आधी कुशल लिहावं, म्हणून लिहिते. यंदा कळंब्याच्या तळ्याला पाणी भरपूर आहे. माझा गुडघा पावसाळाभर कुरकुरला, आता गप्प आहे. ह्यांना नवीन कवळी बसवली, त्यामुळे घरात जरा शांतता आहे.

कालपासून मात्र सारखी १९६१ च्या डिसेंबरातली ती सकाळ आठवते. गगनबावड्याकडचा भैरोबाचा कडा आणि आपण चौघं. तुझा निसारभाई फौजेतून सुट्टीवर आलेला, तिथं शिकलेलं चढणं आपल्याला शिकवायला उतावीळ. दुसरा आपल्या शिक्षकीच्या, बी.टी.च्या वर्गातला आकाराम, ज्यानं तोवर दोर पाहिला होता तो फक्त विहिरीवर. आणि आपण दोघी. घरी सांगितलं होतं, कॉलेजची सहल आहे. झुडपाआड साड्या उतरवून पिशवीत कोंबल्या, खाली तू वडिलांच्या दुकानातल्या उरल्यासुरल्या खाकी कापडाच्या शिवलेल्या विजारी. माझी एक तंगडी आखूड होती, ते मी अजून विसरले नाही हं.

तीन टप्पे होते. निसारभाई पुढं चढायचा, झाडाला नाहीतर खडकाला स्वतःला बांधून घ्यायचा आणि वरून दोर आवळत एकेकाला घ्यायचा. पहिल्या टप्प्यात मी अंबाबाईचा धावा केला, दुसऱ्यात मदर मेरीचा. तिसऱ्याला तुम्ही दोघं भावंडं माथ्यावर पोचलात, आणि मी नि आकाराम खालच्या अरुंद कट्ट्यावर बसून राहिलो. आकारामला भूक अनावर झालेली. त्याच्या आईनं पितळी किटलीत तांबडा रस्सा दिला होता. “बकरं मुलाण्यानंच कापलंय, कुलसुमबाई, निवांत खावा,” हे त्यानं सकाळपासून तीनदा सांगितलं होतं. दोर खाली आला तसं मला बाजूला सारून त्यानं किटली बांधली. “आदी जेवान वर जाऊ दे की! माणसं काय, मागनं येत्यातच.” माथ्याजवळ किटली खडकावर आपटली, झाकण उडालं, निम्मा रस्सा दोरावर आणि निम्म्यातला निम्मा आकारामच्या डोक्यावर. “आक्या, लेका, रश्श्यानं आंघोळ केलास व्हय!” निसारभाई वरून ओरडला. दोराचं टोक त्यानं विजारीला पुसल्यासारखं केलं आणि पुन्हा खाली सोडलं.

“विजूचा दोर मीच धरणार,” म्हणून तू हट्टानं बसलीस. माथा हातभरावर आला आणि माझा पाय निसटला. नेमका तो तेलकट भाग तुझ्या मुठीतून सर्रकन गेला. मी पाच-सहा फूट खाली आले आणि थांबले. बस्स, थांबले. वर पोचले तेव्हा तू हसत होतीस. किटलीच्या तळाचा रस्सा आपण भाकरीनं पुसून खाल्ला, आणि तू डाव्या हातानं जेवत होतीस. मी त्यावरून चिडवलंसुद्धा. मग तुझी उजवी मूठ उघडून पाहिली, तर दोरानं सगळा तळवा सोलून निघाला होता.

घरी आपण सांगितलं, तव्याचा चटका बसला. तुझी आई इमामबी काही भोळी नव्हती. “तव्याला असं मुठीत धरतंय व्हय गं कोण?” तरी आपण तोंड उघडलं नाही. कुणालाच सांगायचं नाही अशी शपथच घातलीस तू मला. पंचवीस वर्षं मी ती पाळली. तुझ्या लेकीलाही तवाच माहीत होता.

होता, असं लिहिलं बघ. आता लपवत नाही. परवा रविवारी नजीरा मैत्रिणींबरोबर त्याच कड्यावर गेली. डबा पोचवायच्या निमित्तानं मीही गेले, आणि लेकाची विजार चढवून पहिला टप्पा चढले. हसू नकोस. अर्ध्यावर पाय ठेवायला जागा सापडेना. वरून माझा दोर धरून तुझी लेक म्हणाली, “मावशी, टाका पाय बिनधास्त, मी हाय की!” पाय घसरलाच, आणि मी थांबले. अगदी तशीच थांबले. वर पोचल्यावर आधी तिचा उजवा तळवा उलटा करून पाहिला. हल्ली दोर नायलॉनचे असतात, हात कोरा होता. मला तिथंच रडू फुटलं. ती विचारत राहिली, आणि मी तुझी शपथ मोडली. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, “मग अम्मी सही करणारच.” दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. तिनं तुला काही कळवलेलं नाही, कळवणारही नाही, तुझ्यासारखीच आहे. म्हणून तिला न सांगता संमतीचा फॉर्म या लिफाफ्यात घालते आहे. पालकांच्या सहीची जागा पेन्सिलीनं खुणावली आहे. सही त्याच हातानं कर.

तुझ्या दोरावर अजून टांगलेली, तुझीच
विजू