नावावरची पट्टी

वाशी, ९ ऑगस्ट १९८७

प्रिय अरुणा,

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, आई ठणठणीत आहे. चार वर्षं आसामात, शिवसागरला तुला पत्रं तीच लिहिते आणि तुझी उत्तरंही तीच वाचून दाखवते. मी समोर पेपर धरून बसतो. शेवटी 'बाबांना नमस्कार' आलं की ती मान वर करून माझ्याकडे पाहते आणि मी पान उलटतो. त्या पानावर काय छापलेलं असतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

पेट्रोलियम इंजिनिअरांच्या आमच्या मंडळाच्या तांत्रिक सभा आखायचं काम अजून माझ्याच गळ्यात आहे. यंदा पहिल्यांदाच एक सभा वाशीत घ्यायची ठरवली, तर चर्चगेटकडचे सभासद विचारतात, "खाडी ओलांडायला पासपोर्ट लागेल का हो?" पावणे एमआयडीसीतल्या वर्कशॉपवाल्या जयप्रकाशने हॉल मिळवून दिलाय, पण बदल्यात त्याला स्वतःच्या व्हॉल्व्हवर पाच मिनिटं बोलायचंय. त्याची पाच म्हणजे चाळीस. वक्ता कोण यापेक्षा बटाटेवडा की सँडविच यावर जास्त चर्चा झाली. आई म्हणते, "इतक्या वर्षांत तुमच्या सभांतून तेल काही निघालं नाही, चहा तेवढा निघाला." तू घरात असतीस तर तिच्या बाजूने अजून एक वाक्य टाकलं असतंस. ते वाक्य काय असतं, याचा मी हल्ली उगाच विचार करत बसतो.

वक्त्यांबद्दल मात्र यंदा नवा नियम झाला. गेल्या तीन वर्षांतल्या वक्त्यांपैकी निम्मे कुणा ना कुणाचे मेव्हणे निघाले, म्हणून अध्यक्ष बाजीरावांनी फर्मान काढलं की निबंधावरचं नाव कागदाची पट्टी चिकटवून झाकायचं, नुसता क्रमांक ठेवायचा. परवा समिती आपल्याच घरी बसली. सात नंबरचा निबंध आसामातल्या मेणचट तेलावर होता. आपण ज्या विहिरी संपल्या म्हणून सोडून देतो, त्यातल्या कितीतरी संपलेल्या नसतात, पाइपात मेण साचून त्यांचा गळा तेवढा बंद झालेला असतो, हे त्यात आकडे देऊन मांडलं होतं. मी दोनदा वाचला. तिथे शेकडो इंजिनिअर आहेत, त्यातलाच कुणी असेल, असं धरून चाललो. दहापैकी दहा दिले आणि बाकीच्यांशी भांडून तो पहिला आणला.

बाजीरावांनी चहात बोट बुडवून पट्टी ओली केली, सोलली आणि मोठ्याने नाव वाचलं. मग काय, हशा! "घ्या, पट्टी लावूनसुद्धा घरचंच माणूस!" मला हसता आलं नाही. आई ट्रे घेऊन दारातच उभी राहिली होती.

सगळे गेल्यावर कपबश्या उचलताना ती म्हणाली, "गेल्या वर्षी पण पाठवला होता ना तिने? नाही म्हणून कार्ड आलं होतं. तेव्हा समितीत कोण होतं हो?"

अरुणा, तेव्हाही मीच होतो. कार्डावर सही बाजीरावांची होती, नकार माझा. तेव्हा पट्टी नव्हती. वरचं तुझं नाव वाचलं आणि पुढे काही वाचलंच नाही, कोपऱ्यात 'अनुभव अपुरा' लिहून मोकळा झालो. तिथल्या तेलविहिरींवर नोकरीला तू निघालीस तेव्हा म्हणालो होतो, चार महिन्यांत परत येशील. तू आली नाहीस, आणि माझं चुकलं हे कबूल करण्यापेक्षा तुझा निबंध चुकीचा ठरवणं मला सोपं वाटलं. मंडळाचं निमंत्रण आठवड्याभरात मिळेल, सभा सतरा ऑक्टोबरला आहे. हे सगळं समजल्यावर तू नकार देशील, अशी भीती आहे. पण न सांगता तुला मंचावर बसवून खाली टाळ्या वाजवणं मला जमलं नसतं. मंडळाने उतरायची सोय गेस्ट हाउसवर केली आहे. घरापासून ते दहा मिनिटांवर आहे. होकार-नकार बाजीरावांना कळव. मला नाही लिहिलंस तरी चालेल, असं लिहिणार होतो. नाही चालणार.

तुझेच,
बाबा