कडू न लागलेलं औषध

मी, औषधाच्या कारखान्यात एकतीस वर्षं सिरपची चव घेणारी, वय त्र्याहत्तर, डोकं शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. जीव मात्र थाऱ्यावर नाही. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून गॅस बंद आहे ना, ते पाहून आले.

१. राहतं घर मुलीला. जिन्याची तिसरी पायरी हलते, ती आधी दुरुस्त करून घे.

२. बँकेतली ठेव नातीच्या शिक्षणाला. जावईबापूंनी यात सल्ला देऊ नये. त्यांचे सल्ले फुकट मिळतात आणि महागात पडतात.

३. माडीवरची खोली धाकट्या बहिणीला. एकवीस वर्षं आम्ही बोलत नाही, त्याचं कारण लिहिणं भाग आहे.

चव घेण्याच्या टेबलावर आम्ही शेजारी बसायचो. एका तापानंतर माझ्या जिभेला कडू कळेनासं झालं. नोकरी जाईल म्हणून मी ते लपवलं. घोट घेतला की धाकटीकडे बघायचं. तिच्या कपाळाला आठी पडली, की मीही 'कडू' लिहायचं. एके दिवशी आमचं सकाळीच वाजलं होतं, ती पाठ करून बसली. मी ठोकून दिलं, 'चव ठीक'. तिनं लिहिलं 'कडू'. साहेबांनी विचारलं तर मी म्हणाले, "हिला सर्दी झालीय, हिच्या जिभेचं काय खरं!" तिला टेबलावरून उठवलं. ती नोकरीच सोडून गेली. पुढे पोरं ते औषध थुंकली, बाटल्या परत आल्या, तरी मी तोंड उघडलं नाही. जिभेवरचं कडू चूळ भरली की जातं. हे घशाखालीही उतरेना, बाहेरही पडेना.

४. माझ्यामागे हा कागद उघडावा, असं ठरवलं होतं. मुलगी म्हणाली, "म्हणजे तू सुटणार. मग मावशीनं भांडायचं कोणाशी, भिंतीशी?" म्हणून आज धाकटीला बोलावून सगळं वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "ताई, माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचीस. न कळायला मी काय दूधखुळी? तू कधी सांगतेस, एवढंच बघत होते."

मी तिला साक्षीदार हो म्हटलं. कागद तपासायला आलेले वकील म्हणाले, "वाटा घेणाऱ्यानं साक्ष देऊ नये, पुढे वाद होतात. एक काय ते निवडा."

"खोली राहू दे. पेन द्या इकडे," धाकटी म्हणाली. "आणि माफ केलं असं लिहू नकोस हं. अजून केलेलं नाही."

म्हणून कलम तीनमधली खोली मुलीकडे जाईल. कारणाचा मजकूर कोणीही खोडू नये.

स्थळ: माझं स्वयंपाकघर
दिनांक: नऊ मार्च, सकाळ

लिहून ठेवणारी: (सही)
साक्षीदार पहिले, शेजारचे शिंपीकाका: (सही)
साक्षीदार दुसरी, धाकटी बहीण: (सही) सगळं वाचलं. खरं आहे.