ईश्वरीचं मूळ

कॅसलरॉकजवळ,
१२ सप्टेंबर २०२४

चि. केशर हिस अक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनला इथे रेंज नाही, म्हणून हे कागद खरडणं. तू दोन वर्षांमागे नर्सरीतून फुलपाखरांसाठी दिलेली रोपं छान वाढली. रुईवर, कढीपत्त्यावर अळ्या आहेतच. पण खरी जत्रा ईश्वरीच्या वेलांवर. तळहात झाकेल एवढी काळीपिवळी फुलपाखरं अंडी घालून गेली आणि सुरवंटांनी निम्मी पानं फस्त केली. तुझे भावजी म्हणतात, मेहुणीनं झाडं दिली ती खाणाऱ्या तोंडांसकट.

त्यांचीच काळजी वाटते. भातलावणीपासून कंबर धरली आहे. आईनं वेल वासावरून ओळखला. बाबांच्या कमरेला ती याचंच मूळ उकळून द्यायची. दोन महिने झाले, डोळ्यांना दिसत नसताना रोज सकाळी जावयासाठी काढा करते. कंबर हलकी झाली म्हणतात, पण अन्नावर वासना नाही. तुझं पत्र आलं की नेहमीसारखं आईला वाचून दाखवेन.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी गुणाक्का


बेळगाव,
१८ सप्टेंबर

ती. अक्कास केशरचा साष्टांग नमस्कार.

आधी काढा बंद कर, मग पुढचं वाच. ईश्वरी विषारी असते. सुरवंट ते विष अंगात साठवतो, म्हणून पक्षी त्याला टाळतात. माणसाची किडनी मात्र त्यानं हळूहळू निकामी होते. आमच्या नर्सरीत त्या रोपाला ‘पोटात घेऊ नये’ अशी पाटीच आहे. तुला देताना ती मी काढून ठेवली, दुसऱ्या रोपाला होईल म्हणून. स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. भावजींना घेऊन लगेच ये, रक्त तपासून घेऊ.

वाट पाहणारी,
केशर


कॅसलरॉकजवळ,
७ ऑक्टोबर

चि. केशर, आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. किडनी निम्मीच चालते, हे डॉक्टरांचं बोलणं डोक्यातून जात नाही. काढा किती दिवस घेतला, असं त्यांनी विचारलं तेव्हाच मला बाबा आठवले. हे शेजारीच बसले होते, म्हणून तिथे बोलले नाही. बाबांनी तो दोन वर्षं घेतला. शेवटी पाय सुजले, लघवी बंद झाली, आणि आपण म्हणालो, वय झालं. त्यानंच झालं का, हे आता कोण सांगणार? पण आईच्या कानावर हे जाता कामा नये.

तुझं पत्र मी तिला मनानंच रचून वाचलं. तुझ्या हाताला यश आहे, नर्सरी फुलली आहे, असं काहीबाही. वेल सुरवंटांनी मुळासकट खाल्ले, असंही सांगितलं. खरं तर उपटायला गेले होते, पण पानांखाली कोश लटकत होते. हात उठला नाही. आई हळहळली. म्हणाली, तुझा बा त्येच्यावरच दोन वरसं तगला. केशरला लिव्ह, दुसरं रोप धाड म्हण.

म्हणून लिहिते आहे. तू उलट लिही की ते रोप आता कुठेच मिळत नाही. ते पत्र मी तिला अक्षरही न बदलता वाचून दाखवेन.

माया आहेच, तेवढी ही लबाडी सांभाळ.
गुणाक्का